एकच नाव पुण्याला जाणार

आमची बलस्थाने : अभ्यासाइतकाच व्यक्तिमत्त्वावर भर.

म्हणजे खुर्ची. विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात एमबीए करणाऱ्या कुणालाही विचारा, खुर्ची म्हणजे काय ते सांगेल, आणि सांगताना एकदा दाराकडे बघून घेईल. शनिवारी सेमिनार हॉलच्या मधोमध खुर्ची ठेवायची, एकाने तीत बसायचं आणि समोरच्यांनी त्याला सोलायचं. मुलाखतीचा सराव. आई-बाप, रंग, इंग्रजी, गाव, काहीही काढा. बसणाऱ्याने दोनच गोष्टी सांभाळायच्या : उत्तर थांबू द्यायचं नाही आणि हसू मोडू द्यायचं नाही. थांबलं किंवा मोडलं, की विभागप्रमुख राजवर्धन सर टेबलावरची घंटी दाबत. टिंग. उठा.

"बाहेर कंपनीवाले तुम्हाला ओवाळणार नाहीत," सर म्हणायचे. "इथं रडून घ्या, तिथं हसा."

पोरं इथं रडली होती, एवढं खरं.

प्लेसमेंट : नामांकित कंपन्यांमध्ये संधी.

कंपन्या, हे अनेकवचन माहितीपत्रकापुरतं. यंदा नाव घेण्यासारखी कंपनी एकच आली होती, पुण्याची, आणि तिला प्रत्येक विद्यापीठातून एकच नाव हवं होतं. विभागात त्या लायकीची नावं दोन. मनाली आणि प्रसेनजीत.

मनालीला ते एक नाव आपलंच हवं होतं. मंगळवार पेठेत वडिलांचं भांड्यांचं दुकान. वडील थकले तसा गल्ला थोरल्या भावाच्या, संग्रामच्या हातात गेला होता. "नोकरी लागली तर जा," संग्रामने तोंडावर सांगितलं होतं, "न्हायतर माझ्या हाताखाली बस आणि कुकरच्या शिट्ट्या इक. एमबीए म्हणून पगार थोडा वाढवून देतो." आणि सगळं घर हसलं होतं. आईसुद्धा.

सरांनी तोडगा काढला. प्रवेशापूर्वी पालकांसाठी विभाग दाखवण्याचा कार्यक्रम होता. त्यात दोघांनी सगळ्यांसमोर खुर्चीत बसायचं आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे. "आपण काय देतो ते पालकांनाही कळू दे. जो टिकेल, त्याचं नाव सोमवारी जाईल."

(माहितीपत्रकात इथे फोटो आहे. मनाली आणि प्रसेनजीत एकाच लॅपटॉपमध्ये बघून हसत आहेत. लॅपटॉप बंद आहे. हसू मात्र खरं होतं, कारण फोटो काढणारा पाय घसरून पडला होता.)

गटकार्य आणि परस्पर विश्वास.

दोन वर्षं दोघांनी सगळे प्रोजेक्ट एकत्र केले होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वसतिगृहामागच्या चहाच्या गाड्यावर प्रसेनजीतनेच विषय काढला.

"तीनच प्रश्न ठरवू, दोघांनी तेच विचारायचे. पाठ करून येऊ. सरांना काय कळतंय?"

"आणि निवड?"

"हसतंय कोण झ्याक, ते बघून करतील. तुझे दात माझ्यापेक्षा बरे हायत."

"गप बस."

"गप बसलो तर घंटी वाजती की."

प्रश्न ठरले. तुमची कमतरता कोणती? पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? पगार कमी दिला तर? असल्या प्रश्नांनी झुरळसुद्धा मरत नाही.

खरे प्रश्न दोघांनाही माहीत होते. मनालीची इंटर्नशिप इचलकरंजीतल्या मामाच्या ऑफिसात झाली, म्हणजे झालीच नाही. दोन महिने ती घरी लोळली आणि मामाने सही दिली. हे प्रसेनजीतला तिनेच सांगितलं होतं. आणि प्रसेनजीतचं तिला ठाऊक होतं. शाहूवाडीकडच्या डोंगरातलं बौद्ध घर, पण प्रवेश त्याला खुल्या जागेवर मिळाला होता, गुणांवर. तो कुणाला सांगत नसे.

"ओपन म्हणलं की म्हणत्यात, तू त्यांच्यातला वाटतच न्हाईस," तो एकदा बोलला होता. "मग माझी बाकीची माणसं ह्यास्नी कशी वाटत्यात? माझी भण पूर्णिमा यंदा राखीवातनं फॉर्म भरणार. मी ओपन ओपन करत हिंडलो तर तिला काय राहिलं? आणि राखीव म्हणावं तर खोटं. म्हणून त्या प्रश्नाला मी तोंडच उघडत न्हाय."

मनालीला तेव्हा गहिवरून आलं होतं. तिने त्याच्या चहाचे पैसे दिले होते.

अध्यापन पद्धती : केस स्टडी. दोन चोर पकडले जातात, वेगळ्या खोल्यांत बसवले जातात, आणि जो आधी तोंड उघडतो तो सुटतो.

हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत प्रसेनजीतची आई तानाबाई नवं लुगडं नेसून बसली होती, शेजारी पूर्णिमा. खुर्चीचा पहिला मान सरांनी प्रसेनजीतला दिला. पॅनेलवर बसलं की मित्रालाही अहो-जाहो करायचं, हा नियम.

"तुमची कमतरता कोणती?"

"समोरचा गप्प झाला की मला वाटतं, त्याला पटलं."

हॉल हसला. सरही हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पाच वर्षांच्या प्रश्नाला तर त्याने असं उत्तर दिलं, की मागून कुणीतरी टाळी वाजवली. मनाली बघत होती. हा पोरगा खुर्चीत बसला नव्हता, मांडी घालून घरात बसल्यासारखा बसला होता. हे असंच चाललं तर नाव त्याचं. आणि आपल्या पाळीला तो इंटर्नशिप काढणार. काढणारच. आपण त्याच्या जागी असतो तर काढली असती की.

तिसरा प्रश्न पगाराचा होता. तो मनालीच्या तोंडात तयार होता. तिने तो गिळला.

"प्रसेनजीत, या विभागात तुम्हाला प्रवेश कुठल्या जागेवर मिळाला? ओपन, की राखीव?"



(इथे काही नाही. इथे तो तिसऱ्या रांगेकडे बघतो आहे.)



त्याचं हसू मोडलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, दुकान बंद झाल्यावरही राहिलेल्या पाटीसारखं. उत्तर तेवढं आलं नाही.

टिंग.

"खरं सांगायला काय अडचण होती?" सर पालकांकडे वळून म्हणाले. "ही बघा, आत्मविश्वासाची कमतरता. आम्ही नेमकं यावरच काम करतो."

"राखीवच असणार," दुसऱ्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला. "लाजलं बिचारं." ते मनालीला स्पष्ट ऐकू आलं. एका वाक्यात तिला ते दुरुस्त करता आलं असतं. ती उठली आणि खुर्चीत जाऊन बसली.

प्रसेनजीतने पहिला प्रश्न विचारला. तुमची कमतरता कोणती? तिने पाठ केलेलं उत्तर दिलं आणि दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहिली. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? तिने उत्तर दिलं. आता येईल. आता नक्की. मामाचं नाव घेऊनच विचारेल. येऊ दे एकदाचा, तिला वाटलं, म्हणजे फिटलं.

"पगार कमी दिला तर?"

तिने उत्तर दिलं. सरांनी घड्याळ पाहिलं. "वेळ आहे अजून. एखादा अवघड प्रश्न विचार."

प्रसेनजीतने मनालीकडे पाहिलं. एखाद्या अनोळखी पाव्हण्याकडे बघावं, तसं.

"नाही सर. माझी तयारी एवढीच होती."

टाळ्या पडल्या. सर उभे राहिले. "पालकहो, फरक बघा. एकाला घाव घालता येतो, एकाला येत नाही. कंपनीला कोण लागतो, ते मी सांगायला नको. मनाली, सोमवारी तुझं नाव जाईल." मग माईक बाजूला धरून हळू म्हणाले, "तो प्रश्न फार छान होता. पुढच्या बॅचला कायम ठेवू."

माजी विद्यार्थ्यांशी अतूट नाते.

बाहेर व्हरांड्यात चहा आणि भडंग होतं. पालक फॉर्मसाठी रांग लावत होते. मनाली प्रसेनजीतला टाळून खांबाआड उभी राहिली, तर तानाबाईच तिला शोधत आल्या. मागोमाग पूर्णिमा, आणि तिच्या मागे तो.

"तू मनाली न्हवं? ह्याच्या तोंडात सारखं तुझंच नाव असतंय. लई झ्याक बोललीस, बाई. ह्याची बघ कशी दातखीळ बसली. ओपन का राखीव, दोनच तर हुतं. ओपनातनं आलाय की ह्यो. गावानं हार घाटल्याला. सांगाय काय झाल्तं रं तुला?"

"आये, ऱ्हाऊ दे," प्रसेनजीत म्हणाला.

"काय ऱ्हाऊ दे? एवढ्या सोप्या सवालाला नोकरी घालवून बसलास."

पूर्णिमा मनालीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तो प्रश्न मुद्दाम होता हे तिला कळलं होतं.

"हिला तेवढं तुझ्यावाणी बोलाय शिकीव," तानाबाई म्हणाल्या. "भाऊ तर बिनकामाचा निघाला."

मनाली हो म्हणणार, तेवढ्यात चहाचा कप घेऊन राजवर्धन सर आले. "नवीन ॲडमिशन का? छान. चला आत, बसवू या हिला एकदा. मनाली, घे हिची मुलाखत. तोच प्रश्न."

"सर, ती अजून..."

"सोमवारी नाव पाठवायचंय मला," सर हसत म्हणाले. त्यांचं हे हसू सगळ्यांना ठाऊक होतं.

"जा की," तानाबाईंनी पूर्णिमाला पुढे ढकललं. "भितीस काय?"

हॉल निम्मा रिकामा झाला होता, पण त्या दुसऱ्या रांगेतला गृहस्थ बायकोसह अजून तिथेच होता. पूर्णिमा खुर्चीत बसली. प्रसेनजीत दारातच थांबला. मनाली समोर बसली. संग्राम, गल्ला, कुकर, सोमवार, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आवाज मात्र बरोबर निघाला, अहो-जाहोतला.

"पूर्णिमा, तुम्हाला प्रवेश कुठल्या जागेवर मिळणार? ओपन, की राखीव?"

"राखीव."

तिने ते सरळ सांगितलं, थांबलीही नाही. दारातली सावली तेवढी हलली. प्रसेनजीत निघून गेला होता.

"उत्तर बरोबर," सर म्हणाले. "पण हसली नाही. उठ." मग ते तानाबाईंकडे वळले आणि त्यांना धीर दिला.

"काळजी करू नका, मावशी. दोन वर्षं आहेत आपल्याकडे."