चिमटा लावलेले बूट

कुरोसे गावात हिवाळ्यात सगळ्यांचे बूट सारखेच असतात. काळे, रबराचे, गुडघ्याच्या जरा खाली येणारे. म्हणून घराबाहेर पडताना खिशात कपडे वाळत घालायचा एक चिमटा ठेवायचा, त्यावर आपलं नाव लिहायचं आणि कुठे बूट काढले की दोन्ही एकत्र चिमट्यात अडकवायचे. शाळेत आलेल्या नव्या मुलांना मी अक्षरांच्या आधी हे शिकवत असे. मी स्वतः मात्र चिमटा वापरत नाही. माझ्या डाव्या बुटाला टाचेजवळ सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे, तीच माझी खूण. शाळेच्या कुठल्याशा मेळ्यात कुणीतरी ते लावून दिलं होतं. यावरून मुलं मला अजून चिडवतात.

त्या वर्षी एप्रिल लागला तरी बर्फ हटला नव्हता. गावाच्या क्रीडागृहात हंगामातला शेवटचा सामना होता. आमच्या बास्केटबॉल संघाचं नाव हंस. शेतांत थंडीत उतरणारे पांढरे हंस, तेच खेळाडूंच्या छातीवर. कागदाच्या गिरणीतले कामगार पाळी संपल्यावर माल चढवायच्या फरशीवर खेळायचे, तिथून हा संघ सुरू झाला. गिरणी बंद पडली, यंत्रं विकली गेली, पण संघ काही विकता येईना. मग साके दारू विकणारा, मासेवाला, सार्वजनिक न्हाणीघरवाली अशा सगळ्यांनी मिळून तो सांभाळला आणि व्यावसायिक लीगमध्ये उतरवला. एकदा तर आम्ही पहिल्या गटात पोचलो होतो. एकच हंगाम टिकलो, पण तो हंगाम गावात अजून कुठे ना कुठे चालूच असतो. केशकर्तनालयात, बस थांब्यावर, अंत्ययात्रेहून परतताना.

आता आम्ही दुसऱ्या गटाच्या तळाशी होतो. हा सामना हरलो तर तिसऱ्या गटात जाणार होतो.

मी खेळ शिकवते त्या छोट्या मुलांना आत बसवून अमाझाके, तांदळाचं गरम गोड पेय, आणायला बाहेर आले. बूट ठेवायच्या खोलीत बाकावर मात्सुझो बसले होते. गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांचा मुलगा योशिकी आमचा कर्णधार. त्याच्या हातात पहिला चेंडू मी दिला, तेव्हा तो चेंडूपेक्षा फार मोठा नव्हता. आज तो शेवटचं खेळत होता.

मात्सुझोंनी त्याला व्यावसायिक संघात खेळताना धड पाहिलंच नव्हतं. पहिला सामना पाहिला, हंस हरले. दुसरा पाहिला, हरले. तिसऱ्यात ते सिगारेट ओढायला बाहेर गेले आणि हंस मागून येऊन जिंकले. तेव्हापासून ते दर सामन्याला यायचे, तिकीट काढायचे आणि बुटांच्या खोलीत बसायचे.

"काय मात्सुझो, आजही बुटांची राखण?" अमाझाकेच्या पातेल्यामागून कोगुरे ओरडला. "पगार तरी माग संघाकडून!"

"तू पातेलं ढवळ. खाली लागतंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. चारी बाजूंना फळ्यांवर ओले बूट मांडलेले, थिजल्या तळ्यावर काळे पक्षी पंखांत मान घालून झोपावेत तसे. त्यांच्यातून वाफ निघत होती. वरच्या झरोक्यातून बर्फाचा पांढरा उजेड त्या वाफेत उतरत होता आणि चेंडूचे ठोके भिंतीतून, बाकातून, आपल्याच हाडांतून आल्यासारखे वाटत होते.

"हा योशिकी," मात्सुझो हळूच म्हणाले. "डाव्या हातानं नेतोय."

"भिंतीतून कळतं?"

"इतकी वर्षं हेच तर पाहतोय, बाई."

मुलांना मी डोळे मिटून चेंडू ऐकायला लावते. मीही मिटले. मला नुसता चेंडू ऐकू आला, त्यांना मुलगा ऐकू येत होता.

"त्यानं तुम्हाला आत बोलावलंय ना आज?"

"सकाळी जेवताना म्हणाला. बाबा, शेवटच्या भागात तरी आत या. मी हो म्हटलं." त्यांनी हातातला अमाझाकेचा कप फिरवला. "पण आपण पुढे आहोत, बाई. माझ्यामुळे गाव तिसऱ्या गटात गेलं तर? मी घरी जातो. त्याला सांगा, पोटात दुखत होतं."

"मी शाळेत असली कारणं रोज ऐकलीत."

ते उठले आणि फळीवरून आपल्या नावाचा चिमटा शोधू लागले. चिमटा सापडला. एक बूट चिमट्यातून सोडवून त्यांनी पाय घातला, तो अर्ध्यातच अडकला. त्यांनी बूट उचलून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि बराच वेळ तसाच धरून उभे राहिले.

"हे माझे नाहीत," ते म्हणाले.

त्यांच्या हातातल्या बुटाच्या टाचेजवळ ठिगळ होतं. ते माझे बूट होते. येताना घाईघाईत त्यांनी आपला चिमटा शेजारच्या जोडीला लावला होता. माझ्या जोडीची जागा फळीवर रिकामी दिसत होती आणि तिच्या बाजूला एक मोठी, बिनचिमट्याची जोडी उभी होती. पण बिनचिमट्याच्या जोड्या त्या दिवशी चिकार होत्या. पाहुण्या संघाचे लोक समुद्राकडचे, त्यांना चिमटे कुठले माहीत असायला! त्यांनी वाटेत आमच्याच दुकानातून बूट घेतले होते.

मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

"आता हो?" मी विचारलं.

मात्सुझो एकेका जोडीत पाय घालू लागले. हा सैल, हा घट्ट, हा ओला. आत गर्दीचा आवाज फुगायचा आणि ओसरायचा. ते वाफेत वाकायचे, उठायचे, पुढे सरकायचे. कुणाकुणाच्या पायांची ऊब त्यांच्या पायाला लागत असेल. न्हाणीघरवालीची, मासेवाल्याची, गिरणीतल्या जुन्या सोबत्यांची. असं वाटलं, ते सबंध गाव एकदा पायात घालून बघताहेत.

"असे नाही सापडणार," मी म्हणाले. "सामना संपला की लोक आपापले घालून जातील. शेवटी उरतील ते तुमचे."

"तोवर?"

"तोवर इथे पाय गारठवायचे, नाहीतर आत जायचं. आत शेगडी आहे."

"आणि हरलो तर, बाई?"

"तर हरू. याआधी आपण कधी हरलोच नाही जसं काही!"

कोगुरे खो खो हसला. मात्सुझो हसले नाहीत. त्यांनी सपाता घातल्या, टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि माझ्यामागून चालू लागले. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं चालतात तसे.

आतला उजेड पाण्यासारखा होता. शेवटचा भाग सुरू झालेला. पांढरे कपडे घातलेली ती उंच माणसं त्या उजेडातून आवाज न करता वाहत गेल्यासारखी दिसत होती. योशिकीनं फेक टाकायला वर पाहिलं, तेव्हा त्याला दाराशी वडील दिसले. फेक आत गेली. मात्सुझोंनी श्वास सोडला. मग पाहुण्यांच्या दोन गेल्या, मग आणखी एक. आमची आघाडी बर्फासारखी वितळत गेली. मी चोरून बाजूला पाहिलं. ते डोळे मिटतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मिटले नाहीत.

अगदी शेवटी चेंडू योशिकीच्या हातात आला. त्यानं उडी मारली. चेंडू कड्यावर बसला, फिरला, विचार केल्यासारखा थांबला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. एका गुणानं हरलो.

कुणी जागचं उठलं नाही. हरो की जिंको, खेळाडू सगळ्या हॉलला फेरी मारून नमस्कार करतात, आणि तो घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी निघत नाही. हंस एका ओळीत आले. वाकायचे, पुढे जायचे. दाराशी आल्यावर योशिकी इतर सगळ्यांसमोर वाकला होता तसाच वडिलांसमोर वाकला. उठताना त्याचा चेहरा ओला होता.

"पाहिलंत, बाबा?"

"पाहिलं. मी आत आलो आणि—"

"वर्षभर बाहेर बसला होतात, तेव्हा काय जिंकत होतो?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. मात्सुझोंनी मुलाच्या घामेजल्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तू डाव्या हातानं नेताना जीभ बाहेर काढतोस," ते म्हणाले. "भिंतीतून हे नव्हतं कळलं."

बुटांची खोली हळूहळू रिकामी झाली. माझी मुलं डोळे पुसत, एकमेकांना ढकलत निघून गेली. शेवटी दोन जोड्या उरल्या. मी माझी ओढली, मात्सुझोंचा चिमटा काढून त्यांना दिला.

"माझ्याच बाजूला होते हो तुमचे," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं."

त्यांनी बूट चढवले, चिमटा खिशात टाकला. मग माझ्या टाचेकडे बोट दाखवलं.

"बाई, ते ठिगळ मीच नव्हतं का लावून दिलं?"

म्हणजे बूट हातात घेतला तेव्हाच त्यांनी तो ओळखला होता. ते दार उघडून उभे होते. बाहेर संध्याकाळचं पांढरं धुकं होतं आणि त्याच्या वरून कुठून तरी, न दिसणारे, उत्तरेला परतणारे हंस ओरडत चालले होते.

"चला," ते म्हणाले. "योशिकी येईपर्यंत कोगुरेचं उरलेलं पातेलं संपवू."