तीन शब्दांचा कागद

फेलिम ट्रेनरने कोरा ताव दोन्ही हातांनी खिडकीशी धरला. सकाळच्या मळकट उजेडात कागदाच्या अंगातून तीन आयरिश शब्द हळूहळू वर आले. कागद आयर्लंडात बनलेला आहे, एवढंच ते सांगत होते. त्याने ताव टाइपरायटरमध्ये सरकवला आणि रूळ फिरवला.

नियमच तसा होता. आयरिश फुटबॉलच्या काउंटी मंडळाकडे जाणारा प्रत्येक अर्ज, प्रत्येक हरकत असं जलचिन्ह असलेल्या आयरिश कागदावर हवी, सह्या आयरिश भाषेत हव्यात. नाहीतर मंडळ मजकूर वाचतसुद्धा नसे. आजूबाजूच्या बऱ्याच क्लबांचे कागद असे परत आले होते. ड्रमगारा क्लबचा एकही आला नव्हता, कारण एकोणीस वर्षं फेलिम चिटणीस होता.

टेबलाच्या डाव्या हाताला दुसरी चवड होती. शाळेसाठी इंग्लंडहून येणारा स्वस्त कागद. फेलिम प्रत्येक मजकूर दोनदा टाइप करी. आयरिश कागदावरची प्रत मंडळाला, स्वस्त कागदावरची क्लबच्या फाइलला, आणि सह्या दोन्हींवर. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर उजेडाला धरल्याशिवाय फरक कळत नसे. आज त्याची नजर त्या डाव्या चवडीकडे नको तितक्या वेळा जात होती.

त्याने टाइप करायला घेतलं. क्लोनली क्लबचा खेळाडू लोर्कन शेरी याने ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी डंडॉक येथे सॉकर या परक्या खेळाचा सामना पाहिला. तेव्हापासून तो नियमाने बाद ठरतो. सबब दोन आठवड्यांनंतरचा अंतिम सामना, जो क्लोनलीने त्याच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलमुळे एका गुणाने जिंकला, ड्रमगाराला देण्यात यावा.

यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट नव्हती. त्या रविवारी डंडॉकच्या मैदानावर लोर्कनच्या शेजारी, त्याच बाकावर, फेलिम स्वतः बसला होता. लोर्कनने त्याला फ्लास्कमधला चहा दिला होता.

"अजून किती कुटणार आहेस ते यंत्र?" आतून त्याची बहीण अट्रॅक्टा म्हणाली. "आणि तोंड असं का तुझं? कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग खाऊन घे. या रविवारी जाणार आहेस का डंडॉकला, आजारी मार्टिनला बघायला?"

"या रविवारी सुनावणी आहे."

मार्टिन त्यांचा चुलतभाऊ. तो इस्पितळातून घरी येऊन आठ महिने झाले होते. हे अट्रॅक्टाला अजून ठाऊक नव्हतं.

दक्षता समितीकडून एडी मॅकारव्हिल त्या दिवशी डंडॉकला गेला होता. परक्या खेळाच्या मैदानावर आपलं कोण दिसतं ते टिपून आणणं हे समितीचं काम. एडी पोस्टमन होता. दिसेल ते लिहायचा आणि लिहिलेलं बोलायचा, मग समोर सख्खा भाऊ का असेना. सामना हरल्यावर पबमध्ये त्याने सगळ्यांदेखत लोर्कनचं नाव घेतलं होतं. फक्त लोर्कनचं. एका बाकावरच्या दोघांपैकी एकच कसा दिसला, या विचाराने फेलिमची आठवडाभर झोप उडाली होती. नाव निघालं तर चिटणीसपद जाणारच. तो शिकवत होता ती शाळा धर्मगुरूंच्या हाताखाली, तिथेही विचारणा होणार. आणि ज्या गावात लोक रस्ता ओलांडून त्याच्याशी बोलायला येत, तिथेच ते रस्ता ओलांडून पलीकडे जाणार.

चुकीची प्रत लिफाफ्यात घातली की प्रश्न सुटत होता. त्याने डावीकडचा एक ताव उचलला, क्षणभर धरला, आणि फाइलची प्रत टाइप करायला यंत्रात घातला. एकोणीस वर्षांत त्याने एकदाही चुकीची प्रत पाठवली नव्हती. करायचं म्हटलं तरी हात वळत नव्हता.

पॅकी डफीच्या पबमध्ये दुपारी एडी एकटाच बसला होता, अर्धी भरलेली टपालपिशवी पायाशी ठेवून.

"मास्तर, साक्षीदारात माझं नाव घातलंत ना?"

"घातलंय."

"मी आपला दिसलं तेवढं सांगणार. जास्त नाही, कमी नाही."

"काय काय दिसलं, एडी?"

एडीने ग्लासात पाहिलं. "ते रविवारीच."

"गावातली पत्रं काय आपल्या पायांनी जाणार आहेत?" काउंटरमागून पॅकी म्हणाला. "ऊठ."

एडी गेला. पॅकी क्लबचा अध्यक्ष होता, साठीला टेकलेला, मानेला बैलाचा घेर. त्याच्या डोक्यावर भिंतीवर सदतीस सालच्या संघाचा फोटो होता. ड्रमगाराने चषक जिंकला तो तेव्हाच, आणि मधोमध कप घेऊन बसलेला तरुण म्हणजे पॅकी. तो फोटो रोज सकाळी स्वतः पुसायचा. शेजारी त्याच्या वडिलांचा फोटो. एकवीस साली त्यांना इंग्रजांच्या बराकीत तीन दिवस उलटं टांगलं होतं, आणि अंगणात शिपाई सॉकर खेळत होते. वडिलांना पुढे आयुष्यभर चेंडू आपटल्याचा आवाज सहन होत नसे, अपवाद आपल्या खेळाचा. परक्या खेळावरच्या बंदीवर क्लबात कोणी विनोद केला तर पॅकी त्याचा ग्लास उचलून नेई.

त्याने दोन्ही प्रती वाचल्या आणि दोन्हींवर सावकाश सह्या केल्या.

"हे दोन्ही राहू द्या इथेच. एडीच्या वहीतलं पान त्याने माझ्याकडे दिलंय. मीच जोडतो."

"लिफाफा बंद करणं चिटणिसाचं काम."

"चिटणीस एकोणीस वर्षं करतोय. अध्यक्षाला एकदा करू द्या की."

फेलिमने आयरिश कागदाची प्रत वर ठेवली आणि तिच्यावर बोट टेकवलं. "ही मंडळाची. खालची फाइलची."

"डोळे शाबूत आहेत माझे, मास्तर."

रविवारी तीन वाजता मंडळाच्या मॉनहनमधल्या सभागृहात साठेक माणसं जमली होती. एका बाजूला ड्रमगारा, दुसऱ्या बाजूला क्लोनली, मधे वाट मोकळी. लोर्कन शेरी लग्नाला आल्यासारखा केस बसवून पहिल्या रांगेत होता. त्याने एकदा फेलिमकडे पाहिलं आणि लगेच खाली बुटांकडे. एडी साक्षीदाराच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

फेलिमने मनाशी ठरवलं होतं. नाव निघालं की उठून हो म्हणायचं. काय म्हणायचं ती वाक्यंही तयार होती. पण मनात म्हणून पाहिली की ती पहिल्या वाक्यापुढे जात नव्हती.

अध्यक्षस्थानी फादर गिल्सनन होते. त्यांनी लिफाफा सुरीने उघडला, ताव काढला, आणि वाचण्याआधी सवयीने वळून खिडकीशी धरला.

ते तसेच थांबले. कागद उलटा केला. पुन्हा धरला. मग शेजारच्या सदस्याकडे दिला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि पलीकडच्याला दिला.

"मिस्टर डफी," फादर म्हणाले, "हा कागद इंग्लंडचा आहे."

क्लोनलीच्या बाजूने कोणीतरी हसू दाबलं, ते नाकातून निघालं.

"आपल्या राष्ट्रीय खेळाचं रक्षण करा, अशी विनंती तुम्ही इंग्लंडच्या कागदावर केली आहे."

आता हसू कोणी दाबलं नाही.

पॅकी उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "कागदाचं काम चिटणीस बघतात, फादर."

फेलिम उभा राहिला. प्रत वर ठेवली होती, बोट टेकवलं होतं. की खाली ठेवली? आठवडाभर झोप नव्हती.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, मास्तर."

"माझीही नव्हती, फादर."

"मग मला पुढचं वाचता येणार नाही. हरकत फेटाळली. साक्षीदाराची गरज नाही."

एडीने गुडघ्यांवरचे हात उचलले आणि टोपी घातली. फेलिम खाली बसला. शेजारचे लोक त्याच्याकडे रागाने पाहत होते आणि त्याला सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागली होती.

बाहेर पडताना त्याच्या वाट्याला जे यायचं ते आलं.

"मास्तर, शाळेत पोरांच्या वह्या तरी उजेडाला धरता का?"

"तीस वर्षं थांबलो, आणि हरलो कशावर, तर एका तावावर."

"अहो, पुढच्या वेळी माझ्या म्हाताऱ्या आईला टाइप करू द्या. ती आंधळी आहे, पण कागद ओळखेल."

फेलिम मान हलवत चालत राहिला. फाटकापाशी लोर्कन आडवा आला. त्याने खिशातून हात काढला, पुन्हा घातला.

"आभारी आहे, मास्तर."

"कशाबद्दल? चूक झाली माझ्याकडून."

"हो तर," लोर्कन म्हणाला आणि न हसता निघून गेला.

फेलिम पॅकीच्या गाडीतून परतला. फेलिमच्या घरापाशी पॅकीने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"चूक माझीच असणार," फेलिम म्हणाला. "दोन्ही प्रती सारख्या दिसतात."

"असेल."

"या वर्षी चषक आपला होता, पॅकी."

पॅकी काचेतून समोर पाहत होता. कुंपणापलीकडे कुणाची तरी गाय मान वर करून दोघांना बघत होती.

"सदतीसचा फोटो आहेच भिंतीवर. एवढी वर्षं पुसतोय. अजून पुसू." मग तो म्हणाला, "महिना दोन महिने शिव्या पडतील. खाऊन टाक, फेलिम. शिव्याच आहेत त्या."

इतक्या वर्षांत त्याने फेलिमला मास्तर सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. फेलिम काही बोलणार तेवढ्यात पॅकीने मागच्या सीटवरून एक पुडकं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बायकोने हॅमचे सँडविच दिलेत. मला भूक नाही. तू घेऊन जा." त्याने फेलिमच्या डोक्याकडे पाहिलं. "ही टोपी बाकी फार लांबून ओळखू येते."

"जुनी आहे."

"तेच म्हणतो."

घरात अट्रॅक्टा चुलीपाशी होती. फेलिमने पुडकं टेबलावर सोडलं. वर खाकी कागद, आत तेलकट कागद, त्यात चार सँडविच. आणि दोहोंच्या मधे, तेल लागू नये अशा बेताने चार घड्या घातलेला एक ताव. त्याने तो उलगडला. आपलाच मजकूर होता, खाली आपली सही आणि पॅकीची. ताव खिडकीशी नेला. दिवस मावळायला आला होता, पण तेवढा उजेड पुरला. तीन शब्द जागच्या जागी होते.

तावाच्या आत वहीचं एक छोटं पान होतं. पेन्सिलीचं सरळसोट अक्षर, पत्रांवरचे पत्ते वाचून वाचून घडलेलं.

चौथा बाक. लोर्कन शेरी, क्लोनली. त्याच्या शेजारी मास्तर ट्रेनर. तपकिरी टोपी. पंचावर दोनदा ओरडले.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच, पॅकीच्या सहीतल्या जाड अक्षरात तारीख घातली होती. सोमवारची. लोर्कनचं नाव पबमध्ये निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

फेलिमने पान पुन्हा एकदा वाचलं. मग त्याने चुलीचं झाकण उचललं, वहीचं पान आत टाकलं आणि ते पूर्ण जळेपर्यंत झाकण ठेवलं नाही. ताव मात्र त्याने फाइलमध्ये लावला, जिथे दुसरी प्रत असायला हवी होती तिथे. मग बसून एक सँडविच संपवला आणि दुसरा उचलला.

"कशी झाली सुनावणी?" अट्रॅक्टाने विचारलं.

"हरलो."

"मग एवढा काय गोड लागतोय तो सँडविच?"

फेलिमने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ती प्रथमच पाहत असल्यासारखी फिरवून पाहिली.

"बाबांची ती काळी हॅट," तो म्हणाला, "अजून आहे का गं कपाटात?"