पाचव्या ओळीतली झेला

"पुसून टाक ते," वर्डी म्हणाली. "पाचवी ओळ. खोटी आहे."

"अगं आजी, सरकारी कागद आहे तो. मी कशी पुसू? त्यात आहे तेवढं आपल्या वंशावळीत भरतेय."

"सरकारी कागदाला काय सोनं लागलंय? आमच्या डोंगरावरचा रस्ताही सरकारने कागदावरच बांधला होता."

वर्डी पंच्याऐंशीची. शाळेचं म्हणाल तर तिसरीपर्यंत, तीही बर्फ नसेल तेव्हा. पण केंटकीच्या त्या खोऱ्यात तिच्या तोंडी लागायची हिंमत पाद्रीबुवांनाही नव्हती. सकाळपासून ती व्हरांड्यात शेंगांच्या शिरा काढत होती. चार शेंगा झाल्या की उठायची, कठड्याशी जायची, रस्त्यावर कुणीच नाही हे बघून त्यालाही नावं ठेवायची आणि परत येऊन बसायची. नात केंड्रा शेजारीच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कुटुंबमेळावा होता. भिंतीवर लावायला ती वंशावळीचा बारा फुटी तक्ता छापून घेणार होती. छपाईवाल्याला चारच्या आत फाइल हवी होती आणि तीन वाजून गेले होते.

"ऐक," केंड्राने पडद्यावरचं वाचलं. "एकोणीसशे पन्नासची जनगणना. ऑर्ली, कुटुंबप्रमुख, एकेचाळीस, खाणीत काम. बायको फ्लॉसी. मुलगा हर्शेल, चौदा. मुलगी वर्डी, बारा. मुलगी झेला, तीन. आजी, ही झेला कोण? तू कधी बोलली नाहीस."

"बोलण्यासारखं काय त्यात? माझी बहीण. गेली."

"कधी?"

"गणनेवाला यायच्या आधी. म्हणून तर म्हणते, खोटं आहे."

वर्डी पुन्हा उठली. तो माणूस तिला आजही दिसत होता. हातात ही एवढी मोठी वही, बुटांना चिखल. ती झऱ्यावरून पाण्याची बादली घेऊन आली, तेव्हा आई उंबऱ्यात उभी राहून एकेक नाव सांगत होती. शेवटी आई म्हणाली, 'झेला, तीन वर्षांची.' 'आई, झेला तर गेली ना!' वर्डीच्या तोंडून निसटलं. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. गणनेवाल्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तो लिहीतच राहिला. त्या दिवसापासून वर्डीने मनात गाठ बांधली: आई परक्या माणसासमोर धडधडीत खोटं बोलली. आई जाईपर्यंत तिने ती गाठ सोडली नाही. पुढे कधी आई काही बोलली, की ही फटकन म्हणायची, "तू नको सांगूस खऱ्या-खोट्याचं."

"काढून टाक म्हणते ना."

"काढली तर ती नव्हतीच असं होईल," केंड्रा म्हणाली. "आणि ठेवली तर मृत्यूची तारीख लागेल. तारीख नसली की हा प्रोग्राम माणसाला जिवंत धरतो आणि जिवंत माणसाचं नाव छापत नाही. नुसता रिकामा चौकोन, वर लिहिलेलं 'जिवंत व्यक्ती'."

"जिवंत! त्र्याहत्तर वर्षं झाली पुरून, म्हणे जिवंत! शहाणंच आहे की तुझं यंत्र."

"मग तारीख सांग. थडग्यावर असेल की."

"थडगं कसलं? नदीतला एक गोटा ठेवलाय. गोट्यावर कोण लिहितं?"

"मृत्यूचा दाखला?"

"ह्या खोऱ्यात पोरांचे दाखले काढायला वेळ होता कुणाला!"

केंड्रा फोनवर काहीतरी शोधू लागली. वर्डीच्या हातातली शेंग नुसतीच फिरत होती.

"आजी, हे बघ. गणनेवाल्यांना दिलेल्या सूचना आहेत. एक एप्रिलला जो जिवंत होता त्याला लिहायचं. पुढे आठवड्याने तो गेला असला तरी. तुमच्या कागदावर तारीख आहे बारा एप्रिल. त्याने विचारलंच असणार, पहिल्या तारखेला घरात कोण कोण होतं म्हणून. पणजी खोटं नाही बोलली. विचारलं तेवढं बरोबर सांगितलं."

वर्डी उभीच राहिली. एप्रनमधल्या शेंगा व्हरांड्याच्या फळ्यांवर सांडल्या, त्या तिने गोळा केल्या नाहीत. कुणी तोंडात मारली असती तर तिने दोन परत दिल्या असत्या. पण मारणारं कुणी समोर नव्हतं.

"सात एप्रिल," ती म्हणाली. "गुड फ्रायडे होता."

"नक्की?"

"त्या दिवशी सगळा डोंगर बटाटे लावतो. बाप आणि हर्शेल वरच्या शेतात होते. झेलाच्या घशात घरघर लागली. आई म्हणाली, पळ, डॉक्टरला आण. खाली खाणीजवळ राहायचा तो, दोन मैलांवर. त्याला एक पोरगी होती माझ्या वयाची, रिबिनी लावायची. तिच्यापुढे मी अनवाणी जायचं? घरात पोरांत मिळून बुटांचा एकच जोड, तो हर्शेलच्या पायात. म्हणून मी आधी वर शेतात गेले. वर. डॉक्टर खाली, आणि मी वर. बूट मागायला."

केंड्राने लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

"डॉक्टरला घेऊन आले तेव्हा आईने आरशावर चादर टाकली होती, घरात कुणी गेलं की टाकतात तशी. मला एका शब्दाने विचारलं नाही, एवढा वेळ कुठे होतीस. पायातल्या बुटांकडे पाहिलं फक्त. कधीच विचारलं नाही गं तिने. आणि मी तिलाच खोटी ठरवत बसले. घाल ती तारीख."

केंड्राने आकडे घातले. पडद्यावरचा रिकामा चौकोन हलला आणि त्यात नाव आलं. वर्डी वाकली. चष्मा नव्हता, तरी ती बघत राहिली.

"आता पुरावा मागतंय," केंड्रा हलक्या आवाजात म्हणाली. "कागद नसेल तर सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. नातं. आणि त्या वेळी सांगणारी तिथे हजर होती का ते. मी 'होती' लिहिते. कोण बघणारे?"

"तुला विचारलं का मी? लिही. वर्डी. थोरली बहीण. हजर नव्हती. वाटेत होती. आणि किती वेळ, ते लिहायला जागा आहे का त्यात?"

"आहे," केंड्रा म्हणाली आणि चार वाजत आले तरी आजीचा हिशेब होईपर्यंत थांबून राहिली.