मोरीकाठचा पुदिना

आमच्या ह्यांचा एक नियम आहे: बदलीच्या नोकरीत जमिनीत काही लावायचं नाही. कुंडीत लावा, ट्रकात टाका, चला. प्रल्हादराव विमा कंपनीत अधिकारी, त्यामुळे त्यांना मोगऱ्यातसुद्धा धोका दिसतो. कऱ्हाड सोडल्यापासून मी गावोगाव कुंड्याच वाहतेय.

जयपुरात वैशाली नगरात घर मिळालं. मागे चिमूटभर मोकळी जागा होती, ती पण नुसती वाळू. कढीपत्ता गेला, मोगरा गेला, गुलाबाने तर आठवड्यात मान टाकली. शेजारच्या पार्वतीजींनी माझी दशा बघितली आणि कुंडीत चार काड्या खोचून गेल्या. "पुदीना है बहनजी, मारोगी तो भी नहीं मरेगा।"

आता आमच्याकडे मान सगळा कोथिंबिरीचा. पुदिना आठवतो तो पोट बिघडल्यावर. म्हणून मी काही त्याचे लाड केले नाहीत. तर हा पठ्ठ्या कुंडीच्या बुडाच्या भोकातून बाहेर पडला, भिंतीच्या कडेकडेने सरपटत गेला आणि न्हाणीघराच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे ऐसपैस पसरला. लू सुटली, माणसं वाळून चालली, आणि हा मेला हिरवागार! मी तोच खुडायला लागले. संडासाचं पाणी नव्हे हो, फक्त आंघोळीचं. शिवाय पानं मिठाच्या पाण्यात खळखळून धुवायची. पण पाहुण्यांना मी जागा दाखवत नसे. विचारल्याशिवाय कशाला सांगायचं?

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, आमची तनया दहावीत गेली आणि नेमक्या तेव्हाच ह्यांच्या बदलीच्या वावड्या उठल्या. कुणी गुवाहाटी म्हणे, कुणी जम्मू. पोरीने आजवर दर तीन वर्षांनी शाळा बदलली होती, कधी तक्रार केली नाही. या वेळी मात्र जेवता जेवता ताट सारलं आणि म्हणाली, "आई, मला परत नवीन मुलगी नाही व्हायचं. मतलब, प्रत्येक वेळी मीच का?" ह्यांना म्हटलं, साहेबांशी बोला. तर म्हणाले, "मी कुणाच्या दारात जाणार नाही." म्हटलं, नका जाऊ, मी त्यांना आपल्या दारात आणते.

साहेब म्हणजे उमाकांत पाटणकर. मूळचे पुण्याचे, बायको तिकडेच, हे इथे गेस्ट हाऊसमध्ये दालबाटी खाऊन कंटाळलेले. बदल्या त्यांच्या सहीने होत. माणूस भलता सोवळा. जेवायला आले ते स्वतःची उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन. आमचा पेला रुमालाने पुसला, ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, आणि मग पुदिना-कैरीच्या चटणीचं बोट जिभेला लावून डोळे मिटले.

"वहिनी," ते म्हणाले, "ही चटणी नव्हे, अमृत आहे."

पुन्हा मागितली, पुन्हा वाढली. पुदिन्याचं ताक तर वाट्याच्या वाट्या रिचवलं. मी टेबलाखालून ह्यांना चिमटे काढतेय, आता बोला, आता बोला, आणि आमचे कर्मवीर साहेबांशी हप्ते आणि दाव्यांच्या गप्पा मारताहेत. जाताना साहेब वाटीभर चटणी बांधून घेऊन गेले. बदलीचा विषय निघालाच नाही. मग काय, दर सोमवारी ह्यांच्या हातून चटणीचा डबा ऑफिसात जायला लागला. रिकामा डबा परत यायचा, बातमी काही यायची नाही. तनया रोज विचारायची, "पप्पा, काही कळलं?" आणि मी पाट्यावर वरवंटा आपटायची.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. उघडते तर पाटणकर साहेब, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"वहिनी, न सांगता आलो. दिल्लीहून आमचे मोठे साहेब आले होते. तुमची चटणी मी माझ्या हाताने त्यांना वाढली. अहो, बोटं चाटली त्यांनी! आज रात्री परत चाललेत, बंगल्यावर लावायला मुळ्या हव्यात म्हणाले. कुठे लावलाय?"

मी म्हटलं, बसा, मीच आणून देते. पण ते ऐकतात कसले! स्वतःच्या हाताने उपटलेलं द्यायचं होतं ना मोठ्या साहेबांना. पँट वर सरकवत थेट मागे गेले, पुदिना बघून "वा, वा" म्हणाले, आणि उकिडवे बसून मुळाला हात घातला.

आमचे हे तेव्हा आंघोळीला बसले होते.

आतून स्तोत्राचा आवाज चढला, बादली उपडी झाली आणि मोरीतून साबणाचं फेसाळ पाणी भसकन बाहेर आलं. पुदिन्यावरून, साहेबांच्या मनगटावरून, बुटांवरून गेलं. पाठोपाठ आतून खाकरल्याचा आवाज. साहेब फेसाकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. मग माझ्याकडे.

"हा… ह्याच पाण्यावर?"

थाप मारायची तर आता सुचेना. "होय," म्हटलं. "इथे नळाला तासभर पाणी येतं साहेब, आंघोळीचं ओतून द्यायचं का?"

ते मटकन पायरीवर बसले. "मी मोठ्या साहेबांना वाढलं हो. माझ्या हाताने. बोटं चाटली त्यांनी." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही ना?"

महिनाभर ज्या माणसाच्या नावाने माझं पाणी पाणी होत होतं, तो मला घाबरला होता. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"अजून तरी नाही," मी म्हटलं. "पण नव्या गावाला गेलं की बायकांशी ओळख वाढवायला काहीतरी विषय लागतोच ना साहेब."

ते रुमालाने बूट पुसायला लागले.

"तुमची मुलगी कितवीत म्हणालात?"

"दहावीत. येत्या मार्चला परीक्षा."

"मग तिला आत्ता कसं हलवणार?" साहेब उठले. "छे छे. आणि दहावीनंतर बारावीपर्यंत तर शाळा बदलूच नये."

इतक्यात पंचा गुंडाळून हे बाहेर आले आणि साहेबांना बघून पंचा घट्ट धरला. साहेब त्यांच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "प्रल्हादराव, तुम्ही इथेच आहात. तेच सांगायला आलो होतो." आणि पिशवी तिथेच टाकून गेले. पार्वतीजींच्या कुंडीतल्या मुळ्या नेता का, हे विचारायलाही मला वेळ दिला नाही.

"बघितलंस?" हे छाती फुगवून म्हणाले. "कामाची कदर होते."

तनयाने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती अनवाणी रस्त्यावर धावली, मैत्रिणीच्या घरी. "चप्पल घाल गं, पाय भाजतील!" म्हणून ओरडले आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

हे पंच्यातच मागोमाग आले. "अगं, झालं काय?"

"काही नाही," डोळे पुसत म्हटलं. "उद्यापासून दोनदा आंघोळ करत जा."