गडी वाटताना

मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र सुट्टीआधी आलं होतं. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विचारलेलं अगदी साधं होतं: शाळेत खेळांसाठी नवं सभागृह झालंय, त्याला आमच्या हिचं नाव द्यायचं आहे, तुमची हरकत नाही ना? 'हरकत नाही' एवढंच कळवायचं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांची वाक्यं सरळ केली. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की मात्र मी पेन खाली ठेवतो.

ही त्या प्राथमिक शाळेत खेळाची बाई होती. तेव्हा खेळासाठी म्हणून वेगळे पैसे येत नसत. शाळेला जे मिळायचं त्यातून आधी छपराची गळती, मग रंग, मग बाकं. खेळाची पाळी येईपर्यंत खडखडाट. ही दर वर्षी मागणी करायची, "पुढच्या वर्षी बघू" ऐकून घरी यायची आणि जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू शिवायला बसायची. त्यापायी माझे मोजे भराभर नाहीसे होत.

"अहो, विरले होते ते."

"अगं, परवाच तर घेतले."

"मग चेंडू टिकेल चांगला."

असल्या एखाददुसऱ्या चेंडूवर अख्खा वर्ग. एकाने फेकायचा, बाकीच्यांनी रांगेत जांभया द्यायच्या. त्याचं तिला फार लागायचं.

ती गेली आणि वर्षाच्या आत नियम बदलला. आता खेळ आणि शारीरिक शिक्षणासाठी सरकारकडून वेगळा निधी येतो आणि त्यातला छदामही छपराला लावता येत नाही. हेही पत्रात होतं, मोठ्या आनंदाने लिहिलेलं. मी वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. रागवावं तर कुणावर?

मुलीचा अधूनमधून फोन यायचा.

"बाबा, उत्तर धाडलंत?"

"मसुदा चालू आहे."

"दोन शब्दांचा मसुदा? एवढ्या वेळात आईने सगळ्या शाळेला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

"म्हणून तर ती खेळाची बाई होती."

"निदान जाऊन बघून तरी या. नाव कशाला द्यायचंय ते कळेल."

गेलो. हिच्या हयातीत तिचा तास मी कधी पाहिला नव्हता; मैदान दिसलं की मी लांबूनच वळायचो. सभागृहाच्या दाराशीच थबकलो. आत प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा चेंडू होता. रांगेत कुणी ताटकळत नव्हतं. पाय अधू असलेल्या एका मुलासाठी टोपली खाली बांधली होती आणि तो तिच्यात एकामागून एक चेंडू टाकत होता. वर्गशिक्षिकाही मुलांबरोबर धावत होत्या. त्यांनाही आता हे रीतसर शिकवतात म्हणे.

तरुण खेळशिक्षकाने मला पाहिलं. "या ना आजोबा. नातवंडाला न्यायला आलात?"

"नाही, नुसतंच... बघत होतो."

"मग बसा की गाद्यांवर. कोऱ्या आहेत, तुमच्याच हातून उद्घाटन."

बसलो. गादीला नव्याचा वास होता. हिने, गुडघे कुरकुरत असतानाही, इथे एक कोलांटी मारून दाखवलीच असती. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून चष्मा पुसत राहिलो.

शिट्टी वाजली. "चला, गडी वाटून घ्या."

दोन मुलं पुढे आली. "मला हा." "मला ती." पोरं भराभर इकडेतिकडे गेली. शेवटी एक मुलगी उरली, भिंतीला पाठ टेकून.

"तुम्हीच घ्या हिला."

"हॅ, मागच्या वेळी आम्हीच घेतली होती."

शिक्षक चेंडूत हवा भरत होता. त्याच्या कानावर गेलं नाही. पोरगा चांगला होता.

आमच्या हिने असं होऊ दिलं नसतं. लग्नानंतर एकदा मी तिला सांगून बसलो होतो की लहानपणी शेवटी उरायचो तो मी; लिंबूटिंबू म्हणूनही कुणाला नको असायचो, म्हणून पुस्तकात तोंड खुपसलं. ती हसली नाही. त्यानंतर, ती सांगायची, तिच्या तासाला सगळ्यांनी डावा बूट काढून मधोमध टाकायचा, हिने डोळे मिटून ढिगाचे दोन भाग करायचे, आणि ज्या भागात आपला बूट, तो आपला संघ. लंगडत बूट शोधण्याच्या गोंधळात कोण हवं आणि कोण नको, हे कुणाला सुचायचंच नाही. याला पैसे लागत नव्हते. तिच्याबरोबर तेही गेलं.

सांगायला हवं होतं. उठलो, घसा साफ केला.

"निघालात आजोबा?" शिक्षकाने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. मग बसलो आणि ती बुटांची रीत सगळी लिहून काढली, डाव्या-उजव्यासकट. खाली लिहिलं: 'नावाला माझी हरकत नाही. पाटी लावली नाहीत तरी चालेल. गडी मात्र असे वाटा. ही असती तर तिने हेच मागितलं असतं.' 'असती' या शब्दावर बराच वेळ अडलो. दुसरा सापडला नाही.

टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवलं आणि तसंच धरून उभा राहिलो. मागे एक बाई आपलं पाकीट घेऊन खोळंबल्या होत्या.

"काका, टाकताय ना?"

टाकलं.