जाड नळी

लॅबमधले मिस्त्री विचारल्याशिवाय कुणाला सल्ला देत नसत. वीस वर्षांपूर्वी एकदा दिला होता, एका प्राध्यापकांना. त्यांनी चारचौघांत सुनावलं की तुम्ही आपले पाने-पकडी सांभाळा. तेव्हापासून मिस्त्रींनी तोंडाला कुलूप घातलं आणि हात तेवढे मोकळे ठेवले. लेथसमोर उभे राहिले की ते असं काही घडवत, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

अशा माणसाचा एका पोरीवर लेकीसारखा जीव जडला. तिचं पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं आणि मिस्त्री तिला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टरबाई’ म्हणत. आधी मिळू तरी द्या काका, असं ती दरवेळी म्हणायची आणि दरवेळी खूश व्हायची.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करणाऱ्याचा मात्र घाम निघायचा. कारखान्यांच्या धुरातला कार्बन वायू पकडायचा आणि जमिनीखाली दोन किलोमीटरवर, सच्छिद्र खडकात कोंडायचा, अशी एक योजना होती. पण खडक म्हणजे काही झाकणाची बरणी नव्हे. त्याला जुन्या भेगा असतात. वायूचा दाब वाढला की भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात. मग वर जमीन हादरते आणि कोंडलेला वायूही वाट शोधतो. भेग कुठवर दम धरते, ते हिला मोजायचं होतं. त्यासाठी बोअरमधून आलेला भेगेतला चुरा दोन पोलादी ठोकळ्यांच्या मध्ये पसरायचा, ठोकळे रबरी नळीत बसवायचे, ते सगळं तेलानं भरलेल्या जाड भांड्यात सोडून तेलावर दाब द्यायचा, आणि ठोकळे सरकवायला किती जोर लागतो ते यंत्रावर बघायचं. नळीचं काम एकच, तेल चुऱ्यात शिरू द्यायचं नाही.

आणि नेमकी नळीच दगा द्यायची. पहिल्या चौदा चाचण्या धड झाल्या, पण त्या होईपर्यंत नऊ नमुने तेलात गेले. नववा गेला तेव्हा ती यंत्रापुढे फरशीवर बसून रडली. तेलकट हातांनीच डोळे पुसले, त्यामुळे तोंड असं झालं की तिला बघून हसावं की रडावं ते कळेना. मिस्त्रींनी फाटलेली नळी उचलून नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगाराच्या कपाटातून दुप्पट जाडीची रबरी नळी शोधून काढली, मापात आणली आणि तिचे तुकडे कापून टेबलावर रचून ठेवले. त्यानंतर एकही नमुना वाया गेला नाही. यंत्रात काहीही बदललं की रजिस्टरात लिहायचं, हा खुद्द मिस्त्रींचा दंडक. पण भंगारातल्या नळीची काय नोंद करायची, म्हणून त्यांनी ती केली नाही. पोरीनंही फार चौकशी केली नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी तिची गत झाली होती. त्याच आठवड्यात खोल बोअरमधले नवे नमुने आले आणि ती कामाला जुंपली.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले तेव्हा तिनं लॅबमध्ये सादरीकरणाची रंगीत तालीम घेतली. मिस्त्रींनाही आग्रहानं बसवलं, मागच्या खुर्चीत. पडद्यावर सदतीस चाचण्यांच्या सदतीस रेषा होत्या, ठोकळे सरकतील तसतसा किती जोर लागला ते दाखवणाऱ्या. पहिल्या चौदा चढून सपाट होत होत्या. उरलेल्या तेवीस चढतच राहत होत्या. तिनं सांगितलं, पहिले नमुने वरच्या खडकातले, हे खोलातले. खोलातली भेग सरकता सरकता घट्ट होत जाते, म्हणून तिथे जास्त दाब देता येईल. अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी मान डोलावली. योजनेचे लोक तर दाबाची मर्यादा वाढवायला टपूनच बसले होते.

मिस्त्रींना आलेखातलं काही कळत नाही, असं सगळे धरून चालत. त्यांनी फक्त रेषा मोजल्या. वळण पंधराव्या चाचणीपासून होतं. जाड नळीही तेव्हापासूनचीच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाली, तेव्हा त्यांनी ठोकळ्यांच्या मध्ये चुरा न घालता नुसतं ग्रीस फासलं आणि जाड नळी चढवली. ग्रीसला कसली आली ताकद? तरी रेषा चढतच गेली. मग पातळ नळी लावली, रेषा सपाट. भेग घट्ट होतच नव्हती. ठोकळे सरकतील तशी नळी ताणली जात होती, आणि ताणलेलं रबर ठोकळ्यांना अडवत होतं. नळी बदलली की आधी अशी रिकामी चाचणी घ्यायची आणि नळीचा जोर वजा करायचा, हा या कामातला पहिला धडा. पोरीनं तो पहिल्या वर्षी नीट गिरवला होता. दुसऱ्यांदा, नमुने वाचल्याच्या आनंदात, विसरली.

मिस्त्री आठ दिवस मूग गिळून बसले. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, मग कोण विचारतंय? आठव्या दिवशी बायकोनं त्यांच्यापुढचा गार झालेला चहा उचलला आणि काय बिनसलंय ते विचारलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, "तसं हे कुणाला कधी कळणार नाही."

"मग तर तुम्हीच सांगायला हवं," ती म्हणाली. "दुसरं कोण सांगणार?"

सकाळी त्यांनी पोरीच्या टेबलावर दोन्ही नळ्या ठेवल्या आणि शेजारी दोन रेषांचा कागद. "ही पातळ, ही जाड. आत नुसतं ग्रीस आहे."

पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "कधी केलीत ही?"

"आठ दिवस झाले."

हे ऐकून मात्र तिचा चेहरा पार उतरला. "आठ दिवस मी शेवटचं प्रकरण लिहीत होते, काका. आणि तुम्ही रोज येऊन विचारत होतात, झालं का डॉक्टरबाई?"

मिस्त्रींना लाज वाटली. नोंद न केल्याची वाटली होती त्याहून जास्त.

ती कागद घेऊन सरांकडे गेली. मिस्त्री दाराबाहेर उभे राहून स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले. आतून सरांचा आवाज आला, नळी बदलली कुणी? पोरीनं उत्तर दिलं, "चाचणी माझी आहे, सर. आत काय लावलंय ते बघणं माझं काम होतं." मिस्त्रींना आत जाऊन नाव सांगायचं होतं, पण पाय उचलला नाही.

ती अर्ध्या तासानं बाहेर आली. प्रत्येक दाबाला रिकामी चाचणी घ्यायची, तेवीसही रेषांमधून नळी वजा करायची, प्रबंध सहा महिने पुढे. योजनेच्या लोकांना सर आजच कळवणार होते की मर्यादा वाढवू नका. प्रबंध ज्यावर उभा होता ते वाक्य गेलं. एवढं सांगून तिनं रजिस्टर उघडलं आणि मिस्त्रींपुढे सरकवलं.

"लिहा."

त्यांनी आजची तारीख घातली. ‘पंधराव्या चाचणीपासून जाड नळी. मी बदलली. नोंद केली नव्हती.’ खाली सही केली. तिनं पेन घेतलं आणि त्याच्याखाली लिहिलं, ‘रिकामी चाचणी मी घेतली नाही.’ सही करताना ती रडायला लागली. तिनं रडू नये म्हणून मिस्त्रींनी ती नळी कापली होती. आज भंगाराच्या कपाटात तिच्यासाठी काही नव्हतं.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले आणि ठोकळे काढले. ग्रीसचा डबा उघडताना तिनं वर बघितलं नाही, काकाही म्हणाली नाही. मिस्त्रींनी नळी हातात घेतली, दोन बोटांनी ताणून पाहिली. मग वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न विचारता सल्ला दिला.

"रबर वापरून सैल होतं. नुसती नवी नळी मोजून भागणार नाही, वापरलेल्याही मोजायला हव्यात. सगळ्या तेवीस मी ठेवल्यात, चाचणीचा नंबर घालून."

तिनं वही ओढली आणि लिहून घेतलं. मग म्हणाली, "पंधरा नंबरची आणा, काका."