नसलेला खळगा

जगातले सगळ्यात चांगले पाइप ज्या गावात तयार होत, त्या गावात चांगला पाइप ओढलेला माणूस मात्र शोधून सापडला नसता. फ्रान्समधल्या ज्युराच्या डोंगरात, नदीच्या दोन्ही काठांना चिकटून बसलेलं ते गाव. तिथे न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत झाडून सगळे पाइप ओढत, पण बाद झालेले. कुणाच्या पाइपला तडा, कुणाचं भोक तिरकं, आणि बहुतेकांच्या अंगावर लुकण भरलेले खळगे. चांगले पाइप पॅरिसला जात, लंडनला जात. तिथे ते ज्यांच्या दातांत बसत त्यांना, ते चांगले आहेत हे दुकानदाराने सांगितल्यावर कळे.

ओदील रेव्हर्शाँचं पोट या खळग्यांवर चालत होतं. पाइप ज्याचे होत ते ब्रायर म्हणजे खडकाळ रानातल्या एका झुडपाच्या मुळावरची गाठ. ते मूळ वाढता वाढता वाटेत आलेला खडा मुकाट्याने गिळून टाकतं. पुढे ती गाठ उकडून, वाळवून, कापून लेथवर चढली की खड्याच्या जागी खळगा उघडा पडतो. मग काम ओदीलचं. लाकडाची पूड, लाख आणि चिमूटभर काजळी यांचं लुकण सुईच्या टोकाने भरायचं, रेघेला रेघ जुळवायची आणि वरून असं घासायचं की खुद्द खळग्यालाही आपण कुठे होतो ते आठवू नये. काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नसे. याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती समोरच्या लेथवरच्या आन्सेल्मबद्दल.

आन्सेल्मने लेथच्या पट्ट्यांच्या घरघरीत उभा जन्म काढला होता. त्यात त्याचे कान गेले होते, आणि त्याची समजूत अशी की इतरांचेही गेले असावेत. मालकांच्या डोक्यावर केसांचा टोप आहे ही बातमी त्याने एकदा चर्चमध्ये ओदीलच्या कानात सांगितली, तर पाद्रीबाबांनी प्रवचन थांबवून मालकांकडे पाहिलं होतं. लाकडात खळगा निघाला की तो अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडे, "ओदील! खळगा आला गं! तुझी भाकरी आली!"

"तुझ्या डोक्यातल्यापेक्षा लहानच असेल. टाक इकडे!"

"काय म्हणालीस?"

"छान आहे म्हटलं!"

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. जूनअखेर आन्सेल्म निवृत्त होणार होता. समोर लेथ राहील आणि ओरडणारं कुणी राहणार नाही, हा विचार ओदील टाळत होती. टाळायला काम भरपूर होतं.

जूनच्या सुरुवातीला आन्सेल्मने कॉर्सिकाहून आलेला एक ठोकळा हातात घेतला. तो नुसताच फिरवून फिरवून बघत राहिला. मग लेथवर चढवला. पहिल्या फेरीत रेघा दिसू लागल्या. बुडापासून काठापर्यंत सरळ, भांग पाडावा तशा. खळगा नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. ओदील हात पुसून समोर येऊन उभी राहिली.

"निघेल," ती म्हणाली.

"निघणारच," आन्सेल्म म्हणाला. "इतकं चांगलं माझ्या वाट्याला कधी येतं?"

त्याने तंबाखूची वाटी कोरली. मग दांडीतून धुराचं भोक पाडायला घेतलं. हे भोक वाटीच्या अगदी तळाला, मधोमध उघडायला हवं; केसभर वर गेलं की बुडाला ओली तंबाखू साचणार, केसभर खाली गेलं की लाकडाचं सरपण. आन्सेल्म ते ऐकून पाडत असे, असं तो सांगे. बहिरा माणूस काय ऐकतो ते विचारायची सोय नव्हती. पण त्याने गिरमिट बाहेर काढलं, वाटीत डोकावला आणि पाइप ओदीलपुढे धरला. भोक तळाला टेकलेलं होतं. मग पुढचे काही दिवस तो हातकानशीने आकार काढत बसला. खळगा शेवटपर्यंत निघाला नाही.

"आता हा कुणातरी लंडनच्या वकिलाच्या मिशीखाली जाणार," तो म्हणाला.

"आणि तू?"

"मी टोपलीतला घेईन. रिवाज आहे. एखादा तिरका बघून ठेव माझ्यासाठी."

कारखान्याचा रिवाज मालक मस्यू बाव्हू यांच्या आजोबांनी घालून दिला होता: निवृत्त होणाऱ्याने बाद मालाच्या टोपलीतून हवा तो पाइप घ्यावा. याला ते कृतज्ञता म्हणत. टोपलीत हात घालून पाइप निवडणाऱ्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता दिसावी म्हणून ते स्वतः समोर उभे राहत.

ओदीलने गुरुवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तो पाइप आपल्या बाकावर घेतला. जन्मभर तिने असलेले खळगे नाहीसे केले होते. नसलेला खळगा करणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. लाख वापरली असती तर डाग लाकडात कायमचा उतरला असता; म्हणून तिने मेण घेतलं. काजळी आणि पूड मिसळली आणि वाटीच्या बुडाशी, अंगठा टेकतो तिथे, वाटाण्याएवढा खळगा रंगवला. काळा मध्य, पिवळसर कड, कडेला एक ओरखडा. इतका ओंगळ खळगा निसर्गालाही जमला नसता. आन्सेल्म पाइप घरी नेईल, मग आपण गरम फडक्याने एका दमात पुसून देऊ, असा तिचा हिशेब. त्याला आधी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं.

शुक्रवारी मस्यू बाव्हू उत्तरेच्या खिडकीत माल निवडायला बसले. चष्मा त्यांना लागत होता, पण टोपाबरोबर तो शोभत नसे, म्हणून ते हात लांब करून बघत. तो पाइप हातात आल्यावर त्यांचा चेहरा आधी खुलला आणि मग पडला.

"अरेरे! बुडाला खळगा! खोल आहे का, मादाम रेव्हर्शाँ?" आणि त्यांनी नख पुढे केलं.

"नख नको, मस्यू बाव्हू! कड तुटेल." ओदीलने पाइप काढून घेतला, सुई टेकवली, तोंड वाकडं केलं. "खोल आहे. अर्धी सुई आत जाते. इथून जळणार हा."

जळणाऱ्या पाइपला लुकणाचा इलाज नसतो. मस्यू बाव्हूंनी सुस्कारा सोडला आणि पाइप टोपलीत टाकला. इथवर सगळं ओदीलच्या मनासारखं झालं. पण टोपलीत पाइप पडल्याचा आवाज, ज्याला काहीच ऐकू येत नसे त्या आन्सेल्मला ऐकू आला.

"तो माझा आहे!" लेथ बंद करून तो आला. "तो कशाला टाकला?"

"खळगा आहे, आन्सेल्म."

"खळगा? याला?" त्याने पाइप उचलला, बघितला आणि त्याचा रंग उतरला. "हा काल नव्हता!"

"खळगा काय रात्रीतून उगवतो का? अळंबी आहे का ते?" मस्यू बाव्हू म्हणाले.

"मी हा तळहातावर वाढवलाय! भिंग आणा! कागद आणा! दोन हात मारतो वरून, बघू कुठे राहतो तुमचा खळगा!"

आणि त्याने खरंच घासायचा कागद उचलला. त्या कागदाचा एक हात पुरला असता. खळगा गेला असता, पाइप निर्दोष ठरला असता आणि सोमवारच्या गाडीने लंडनच्या वकिलाकडे निघाला असता. स्वतःचा पाइप स्वतःच्या हाताने घालवायला निघालेला तो माणूस बघून ओदीलला त्याच्या डोक्यात लेथची पट्टी घालावीशी वाटली.

"खाली ठेव तो," ती ओरडली. "मी सुई घातलीय. खोल आहे."

"तू घातलीस?"

"अर्धी आत गेली. तुझ्या लाकडात खळगा असूच शकत नाही का? आजवर मग मी काय भरत होते, दाढा?"

सगळे हसले. आन्सेल्म हसला नाही. त्याने कागद ठेवला, पाइप टोपलीत ठेवला आणि लेथवर गेला. पुढे महिनाअखेरपर्यंत तो ओदीलशी बोलला नाही. खळगा निघाला की नुसता पाइप पुढे सरकवी. कारखान्यात इतकी शांतता झाली की लोकांना पट्ट्यांची घरघर नव्याने ऐकू यायला लागली, आणि ती कुणालाच आवडली नाही.

निरोपाच्या दिवशी मस्यू बाव्हूंनी बाकांवर पांढरी चादर टाकली, पिवळी वाइन आणि कोंते चीजची एक चक्ती मांडली आणि गावातल्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार बोलावला. त्यांच्या मनात एक नवी कल्पना आली होती: आन्सेल्मने निवडलेला पाइप तिथल्या तिथे पेटवायचा, आणि धुरातून हसणारा कामगार व शेजारी मालक असा फोटो काढायचा.

ओदीलने हातातला पेला खाली ठेवला. मेण. पेटलेल्या पाइपवर मेण.

तोवर आन्सेल्म टोपलीशी पोचला होता. त्याने तो पाइप उचलला, बाजूला ठेवला आणि एक तिरका, बुटका, काठाला तडा गेलेला पाइप हातात घेतला.

"हा चालेल."

ओदीलला एक क्षण हायसं वाटलं. मग लक्षात आलं की हा असाच गेला तर तो पाइप उद्या दुसऱ्याच कुणाच्या हाती पडेल.

"बरं झालं," ती मोठ्याने म्हणाली. "तो दुसरा मी नेते. आमच्या गच्चीवरच्या टोमॅटोला काठी हवीच होती."

"काठी?"

"दांडी सरळ आहे की. तेवढंच काय ते नीट केलंयस त्यात."

आन्सेल्मचे कान लाल झाले. त्याने बुटका पाइप परत टोपलीत फेकला आणि आपला उचलला. "टोमॅटोला म्हणे! दे ती तंबाखू इकडे!"

"इथे कशाला पेटवतोस? घरी जाऊन ओढ ना, निवांत," ओदील म्हणाली.

"फोटो आहे, मादाम," मस्यू बाव्हू म्हणाले. "पेटव रे."

पाइप पेटला. छायाचित्रकार भिंगाशी खाटखूट करत राहिला आणि मोकळा वेळ दिसल्यावर मस्यू बाव्हूंनी भाषण सुरू केलं. आजोबांपासून. आन्सेल्म दम मारत होता. पहिल्या दमाला त्याच्या कपाळावर आठी होती. दुसऱ्याला ती गेली. तिसऱ्याला त्याने डोळे मिटले. धूर कसा थंड, कोरडा येत होता ते ओदीलला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि तिला हेही दिसत होतं की वाटी तापतेय, खळग्याला चमक आलीय आणि त्याची खालची कड हळूहळू ओघळायला लागलीय. मस्यू बाव्हू अजून वडिलांपर्यंतच आले होते.

आन्सेल्मचा अंगठा सवयीने बुडाशी सरकला आणि घसरला.

त्याने डोळे उघडले. अंगठा बघितला, काळा, मेणचट. पाइप बघितला. जिथे खळगा होता तिथे बुडापासून काठापर्यंत सरळ रेघा गेल्या होत्या, भांग पाडावा तशा. मग त्याने ओदीलकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं.

ओदीलने डोळे मिटून घेतले. आता तो ओरडणार आणि नदीपलीकडच्या लोकांनाही कळणार.

काहीच ऐकू आलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा तोंड मिटलेलं होतं, त्यात पाइप होता, आणि अंगठा त्या जागेवर घट्ट दाबलेला होता.

"कसा आहे?" भाषण संपवून मस्यू बाव्हूंनी विचारलं.

"बादच तो," आन्सेल्म म्हणाला. "बादकडून काय अपेक्षा करणार?"

"बघू जरा." त्यांनी हात पुढे केला.

"नको, मस्यू बाव्हू!" आन्सेल्म गरजला. "पेटलेला पाइप हातातून घेतला की... घेणाऱ्याचे... केस जातात!"

हा समज गावात याआधी कुणी ऐकला नव्हता. पण मस्यू बाव्हूंचा हात आपोआप टोपाकडे गेला आणि विषय तिथेच थांबला. छायाचित्रकाराने काळ्या कापडातून डोकं काढलं. "अंगठा जरा बाजूला घ्याल का? पाइप झाकला जातोय."

"नाही," आन्सेल्म म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मस्यू बाव्हूंना ते कृतज्ञतेचं वाटलं. त्यांनी छायाचित्रकाराला खूण केली, "काढा, काढा, आत्ताच काढा!"

तो फोटो पुढे कारखान्याच्या दिवाणखान्यात लागला. मालक हसतायत, कामगार रडतोय आणि मधे एक मोठा अंगठा आहे.

वाटी विझेपर्यंत आन्सेल्मने अंगठा हलवला नाही. लोक चीज संपवून पांगले तेव्हा तो ओदीलच्या बाकाशी आला, खाली वाकला आणि काहीतरी बोलला.

"काय?" ओदील म्हणाली.

तो पुन्हा बोलला. इतक्या हळू की तिला ओठ हलताना दिसले, पण शब्द एकही कळला नाही.

"अरे मोठ्याने बोल की, मेल्या! ऐकू येत नाही!"

आन्सेल्मने दाराकडे बघितलं, मान हलवली आणि अंगठा तिच्यापुढे धरला. त्यावर वाटाण्याएवढा फोड आला होता.

ओदीलने तो उजेडाकडे धरून नीट बघितला, आणि सुई उचलली.

"फार खोल नाही," ती म्हणाली. "भरून देते."